एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचे प्रात्यक्षिक कसे घ्यावे : आधी अंदाज, मग मोजमाप

अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला एम्बेडेड सिस्टिमचे (यंत्रात बसवून त्याचे नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकाचे) प्रात्यक्षिक बहुतेक महाविद्यालयांत असते, आणि ते बहुतेक ठिकाणी सारख्याच पद्धतीने होते. मॅन्युअलमध्ये छापलेला प्रोग्रॅम विद्यार्थी टाइप करतात, हेक्स फाइल किटवर चढवतात, एलईडी लुकलुकला किंवा एलसीडीवर महाविद्यालयाचे नाव उमटले की जर्नलवर सही होते. या दोन तासांत विद्यार्थ्याने एकही निर्णय घेतलेला नसतो. कोणता पर्याय का निवडला, किती वेळ लागेल, काय बिघडू शकेल, हे प्रश्न त्याच्यासमोर आलेलेच नसतात. आणि डिझाइन म्हणजे तर नेमके हेच प्रश्न. प्रात्यक्षिकाची रचना कशी केली म्हणजे हे प्रश्न टाळता येणार नाहीत, हे पुढे क्रमाने मांडले आहे. विसाच्या आसपास विद्यार्थ्यांची बॅच, आठवड्यातून दोन तास आणि सत्रात सुमारे बारा पाळ्या, असे प्रत्यक्षात मिळणारे वेळापत्रक त्यासाठी गृहीत धरले आहे.

सगळ्या रचनेचा कणा एक नियम आहे. बोर्डाला वीज देण्याआधी प्रत्येक जोडीने आपला अंदाज आकड्यात आणि पेनाने वहीत लिहावा, त्यानंतर मोजमाप घ्यावे, आणि दोहोंत फरक आला तर त्याचे कारण शोधून लिहावे. अंदाज चुकल्याबद्दल गुण कापू नयेत. फरकाचे कारण न लिहिल्याबद्दल मात्र अवश्य कापावेत. हा नियम पहिल्या पाळीपासून लावला तर तिसऱ्या-चौथ्या पाळीपर्यंत विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ‘चालतंय’ आणि ‘चालत नाही’ या दोन शब्दांऐवजी आकडे येऊ लागतात.

साहित्याची निवड

इंटेलने १९८० मध्ये आणलेला ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवरचा छोटा संगणक) आजही अनेक अभ्यासक्रमांत आहे. त्याची अंतर्गत रचना छोटी असल्याने वर्गात शिकवायला तो सोयीचा आहे, हे खरेच. परंतु जुन्या ट्रेनर किटवर चालू प्रोग्रॅम मध्येच थांबवून रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या, तिचे काम ठरवणाऱ्या छोट्या नोंदकप्प्यांत) डोकावण्याची सोय बहुधा नसते, आणि त्या सोयीशिवाय विद्यार्थी चूक शोधायला शिकत नाही, तो केवळ वेगवेगळे बदल करून पाहत राहतो. म्हणून किमान निम्म्या पाळ्यांसाठी डीबगर अंगचाच असलेला बोर्ड घ्यावा. एसटीएम३२ न्यूक्लिओ-एफ४०१आरई हे त्याचे चांगले उदाहरण आहे. त्यावर कॉर्टेक्स-एम४ गाभ्याचा, ८४ मेगाहर्ट्झपर्यंत चालणारा मायक्रोकंट्रोलर, ५१२ किलोबाइट फ्लॅश आणि ९६ किलोबाइट रॅम आहे. प्रोग्रॅम चढवण्यासाठी, डीबगिंगसाठी आणि सीरियल संदेश संगणकावर पाहण्यासाठी एकच यूएसबी केबल पुरते. पुढची सर्व उदाहरणे याच बोर्डावरची आहेत, पण पद्धत कोणत्याही बोर्डाला लागू पडते. आर्डुइनोला माझा विरोध नाही. मात्र त्याच्या लायब्ररीत रजिस्टर, घड्याळ (चिपच्या कामाला ताल देणारे स्पंद) आणि इंटरप्ट (एखादी घटना घडताच चालू काम थांबवून ठरलेला कोड चालवण्याची सोय) हे तिन्ही झाकले जातात, त्यामुळे ते ज्याला कळले आहे त्याच्यासाठीच ते साधन सोयीचे ठरते.

दोघांत एक बोर्ड असावा. चौघांत एक असेल तर दोघे काम करतात आणि दोघे पाहतात. बोर्डाइतकीच गरज लॉजिक अ‍ॅनालायझरची आहे. पिनांवरचा सिग्नल केव्हा उंच आणि केव्हा खाली गेला हे संगणकाच्या पडद्यावर दाखवणारे ते साधन आहे. आठ चॅनेलचा, २४ मेगाहर्ट्झने नमुने घेणारा छोटा यूएसबी अ‍ॅनालायझर पल्सव्ह्यू या मुक्त सॉफ्टवेअरबरोबर उत्तम चालतो. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर अशी साधने सहज मिळतात. खर्चात काटछाट करायचीच असेल तर एलसीडी, कीपॅड आणि सेन्सर यांचे नग कमी करावेत, अ‍ॅनालायझरचे करू नयेत. बाहेरून वीज देताना पॉवर सप्लायची प्रवाहमर्यादा सुरुवातीला २०० मिलिअँपिअरवर ठेवण्याची सवय लावावी, म्हणजे ब्रेडबोर्डवरची एखादी चुकलेली वायर बोर्ड जाळणार नाही.

सिम्युलेटरबद्दल एक स्पष्ट सूचना. प्रोटिअससारखे साधन घरी सराव करायला ठीक आहे, पण त्यातले बटण सहसा थरथरत नाही (म्हणजे एका दाबात त्याचा संपर्क अनेकदा जुळत-तुटत नाही), वायर सैल होत नाही आणि ग्राउंड जोडायचे राहून जात नाही. प्रत्यक्ष पाळीच्या जागी सिम्युलेशन घेतले तर विद्यार्थ्याला नेमके जे शिकवायचे तेच वगळले जाते.

पहिली पाळी : कोड न देता एलईडी

पहिल्या पाळीला विद्यार्थ्यांना कोड देऊ नये. तीन दस्तऐवज द्यावेत: चिपचे डेटाशीट, तिचे रेफरन्स मॅन्युअल आणि बोर्डाचे युजर मॅन्युअल. कोणती माहिती कोठे असते हे शिकणे हाच या पाळीचा अर्धा उद्देश आहे. एलईडी कोणत्या पिनवर आहे हे बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये सापडते (ती पीए-५ आहे), पिनमधून किती प्रवाह घेता येतो हे डेटाशीटमध्ये, आणि कोणत्या रजिस्टरचा कोणता बिट लावायचा हे रेफरन्स मॅन्युअलमध्ये. शेकडो पानांचे ते मॅन्युअल पाहून विद्यार्थी बिचकतात. म्हणून आदल्या आठवड्यात एक पानभर प्रश्न घरी द्यावेत आणि प्रत्येक उत्तरासमोर पान क्रमांक लिहायला सांगावा.

या पाळीत एक चूक जवळजवळ प्रत्येक टेबलावर होते: पोर्टचे घड्याळ चालू न करताच मोड रजिस्टरमध्ये मूल्य लिहिले जाते. एलईडी लागत नाही, कंपायलरची तक्रार नसते, आणि विद्यार्थी शिक्षकांकडे पाहतात. अशा वेळी उत्तर सांगू नये. डीबगर एकेका ओळीने पुढे न्यायला सांगावा आणि मोड रजिस्टरच्या खिडकीकडे बोट दाखवावे. लिहिण्याची ओळ होऊन गेली तरी मूल्य बदललेले नाही, हे विद्यार्थ्याने स्वतः पाहिले की ‘हे हार्डवेअर आत्ता माझे ऐकत का नाही’ असा प्रश्न त्याला आपोआप पडतो, आणि घड्याळाच्या रजिस्टरचे प्रकरण तो स्वतःहून उघडतो. ही पंधरा-वीस मिनिटे वाया गेली असे वाटते, पण त्या पाळीतला सर्वांत मोलाचा वेळ तोच असतो.

बटण आणि सीरियल : मोजण्याची सवय

बटणासाठी बोर्डावरचे बटण वापरू नये. त्याला कपॅसिटर जोडलेला असल्यामुळे त्याची थरथर बरीच दबलेली असते. ब्रेडबोर्डवर साधे बटण आणि पुल-अप रोधक (पिन एरवी उंच पातळीवर ठेवणारा) लावावा, प्रत्येक दाबाला गणक एकने वाढवावा, आणि दहा दाबांनंतर गणक किती दाखवेल याचा अंदाज लिहून घ्यावा. आकडा दहापेक्षा जास्त येतो तेव्हा अ‍ॅनालायझर लावून संपर्क स्थिर व्हायला किती मिलिसेकंद लागतात ते प्रत्येक जोडीने मोजावे आणि फळ्यावर लिहावे. सगळ्या बॅचचे आकडे शेजारी शेजारी आले की एकाच प्रकारच्या बटणांमध्येही किती तफावत असते ते दिसते, आणि डीबाउन्सचा (थरथर संपेपर्यंत थांबण्याचा) काळ किती ठेवावा यावर खरी चर्चा होते. मॅन्युअलमधला २० मिलिसेकंदांचा आकडा पाठ केल्याने ती होत नाही.

सीरियलच्या पाळीत गणित आणि मोजमाप यांची सांगड सर्वांत चांगली बसते. रीसेटनंतर ही चिप १६ मेगाहर्ट्झच्या अंतर्गत घड्याळावर चालते. ११५२०० बॉडसाठी, म्हणजे सेकंदाला तितके बिट पाठवण्यासाठी, घड्याळाला त्या वेगाने भागले तर भागाकार १३८.८९ येतो आणि तो १३९ असा पूर्णांकात घ्यावा लागतो. त्यातून येणारी चूक सुमारे ०.०८ टक्के. आता ‘यू’ हे कॅपिटल इंग्रजी अक्षर पाठवावे. त्याचे बिट एकाआड एक बदलतात, त्यामुळे स्टार्ट बिटच्या कडेपासून शेवटच्या चढत्या कडेपर्यंत नऊ बिटांचा काळ एकाच वेळी मोजता येतो. तो सुमारे ७८.२ मायक्रोसेकंद यायला हवा. प्रत्यक्षात काही टेबलांवर त्यापेक्षा थोडा कमी-जास्त येतो, कारण अंतर्गत घड्याळ स्वतःच साधारण एक टक्क्याच्या आत-बाहेर असू शकते. गणितातली चूक लहान आणि घड्याळाची मोठी, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या आकड्यांवरून सांगितले पाहिजे.

८०५१चा किट इथेच बाहेर काढावा. ११.०५९२ मेगाहर्ट्झचा विचित्र आकड्याचा क्रिस्टल का लावतात हे विद्यार्थी परीक्षेसाठी पाठ करतात. १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल लावून ९६०० बॉडची मांडणी केली तर प्रत्यक्ष वेग सुमारे १०४१७ येतो, म्हणजे साडेआठ टक्के जास्त. दहा बिटांच्या चौकटीत शेवटचा बिट वाचेपर्यंत जवळपास अर्ध्या बिटाएवढी घसरण चालते, म्हणजे दोन्ही टोकांची मिळून सुमारे पाच टक्के. साडेआठ टक्क्यांना पडद्यावर चुकीची अक्षरे उमटतात. ती उमटवून दाखवावीत.

इंटरप्ट : इथे जास्त वेळ द्यावा

इंटरप्टसाठी अभ्यासक्रमात एक प्रयोग असतो. मी तीन पाळ्या द्यायला सुचवेन, कारण उद्योगात दिसणाऱ्या अवघड चुका मुख्यतः इथूनच येतात आणि त्या पुस्तक वाचून समजत नाहीत.

पहिल्या पाळीत विलंब मोजावा. सिग्नल जनरेटरची कड एका पिनवर द्यावी, इंटरप्टमध्ये दुसरी पिन उंच करावी आणि दोन कडांमधले अंतर अ‍ॅनालायझरवर पाहावे. कॉर्टेक्स-एम४ला इंटरप्टमध्ये शिरायला १२ चक्रे लागतात, म्हणजे १६ मेगाहर्ट्झला ०.७५ मायक्रोसेकंद, विद्यार्थी हाच अंदाज लिहितात. उत्पादकाची तयार लायब्ररी वापरली असेल तर मोजमाप कित्येक मायक्रोसेकंद येते. मग तेच काम थेट रजिस्टरने करावे, नंतर कंपायलरची ऑप्टिमायझेशन पातळी (कोड वेगवान करण्यासाठी तो किती फेरफार करतो ती) बदलावी, आणि प्रत्येक वेळी आकडा वहीत उतरवावा. लायब्ररीची किंमत किती आणि ती कुठे परवडते, हा डिझाइनचा निर्णय विद्यार्थ्याला आपल्या आकड्यांच्या आधारे घेता येतो.

दुसऱ्या पाळीत इंटरप्टने बदललेल्या एका ध्वजाची मुख्य लूपमध्ये वाट पाहावी, पण त्या चलाला व्होलाटाइल (‘हा कधीही बदलू शकतो, दर वेळी नव्याने वाच’ अशी कंपायलरला दिलेली खूण) म्हणू नये. ऑप्टिमायझेशन बंद असताना प्रोग्रॅम चालतो. चालू केल्यावर बहुधा लूपमध्ये अडकतो. डिसअसेंब्लीची (कंपायलरने तयार केलेल्या यंत्रसूचनांची) खिडकी उघडून कंपायलरने चल एकदाच वाचून ठेवला आहे हे दाखवावे. ‘माझ्या लॅपटॉपवर चालत होतं’ ही तक्रार कशी जन्माला येते, हे त्यानंतर निराळे सांगावे लागत नाही.

तिसरी पाळी हरवणाऱ्या घटनांची. जनरेटरवरून १० किलोहर्ट्झचा चौरस तरंग द्यावा आणि इंटरप्टमध्ये दोन गणक वाढवावेत. पहिल्याला कोणी हात लावत नाही. दुसरा मुख्य लूप वाचते, आपल्या बेरजेत मिळवते आणि शून्य करते. काही वेळाने पहिला गणक आणि ती बेरीज जुळेनाशी होते, कारण वाचणे आणि शून्य करणे यांच्या मधल्या फटीत आलेली घटना पुसली जाते. फट फार लहान असल्याने ही चूक क्वचित घडते. त्या दोन ओळींच्या मध्ये थोडा विलंब घातला की फरक झपाट्याने वाढतो. उपाय विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावेत. कोणी क्षणभर इंटरप्ट बंद करण्याचे सुचवते, तर कोणी गणक शून्य न करता मागच्या वाचनाशी वजाबाकी करण्याचे. दुसरा उपाय अधिक चांगला का, यावर दहा मिनिटे चर्चा होऊ द्यावी.

वेळ उरला आणि बॅच तयारीची असेल तर फ्री आरटीओएस या छोट्या कार्यप्रणालीवर प्राधान्यक्रमाचा उलटफेर, म्हणजे कमी प्राधान्याच्या कामामुळे जास्त प्राधान्याचे काम अडकणे, दाखवता येतो. वेगवेगळ्या प्राधान्याच्या तीन टास्क (कामे) घ्याव्यात आणि वरच्या व खालच्या टास्कमध्ये एक सामायिक संसाधन ठेवावे. ते एका वेळी एकाच टास्कला मिळावे म्हणून बायनरी सेमाफोर वापरला तर मधली टास्क वरच्या टास्कला ताटकळत ठेवते. त्या जागी म्युटेक्स हे कुलूप घातले की ते धरून बसलेल्या खालच्या टास्कला वरच्या टास्कचे प्राधान्य वारशाने मिळते आणि कोंडी सुटते. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक याच कारणाने वारंवार रीसेट होत होता, आणि पृथ्वीवरून म्युटेक्सचा प्राधान्य-वारसा चालू करून तो दुरुस्त केला गेला. विद्यार्थ्यांनी आपल्या टेबलावर तोच दोष आधी निर्माण करून मग हा प्रसंग ऐकावा. उलट क्रमाने सांगितला तर ती नुसती गोष्ट होते.

एडीसीसाठी, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागासाठी, एक पाळी पुरते. १२ बिट आणि ३.३ व्होल्ट धरले तर एक पायरी ०.८ मिलिव्होल्टची, आणि एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे एका अंशाला सुमारे १२ पायऱ्या. या सेन्सरला किमान ४ व्होल्ट लागतात, बोर्डावरच्या ३.३ व्होल्टवर तो जोडणारी एखादी जोडी निघतेच, आणि मिळालेले तापमान खोलीशी जुळत नाही तेव्हा डेटाशीटच्या पहिल्या पानाचे महत्त्व कळते.

बिघाडाची पाळी

सत्राच्या मध्यावर एक संपूर्ण पाळी केवळ बिघाड शोधण्यासाठी ठेवावी. माझ्या मते ही एकच पाळी वाढवली तरी अभ्यासक्रम बदलल्याइतका फरक पडतो. शिक्षकांनी आणि प्रयोगशाळा सहायकांनी मिळून आधी दहा-बारा सदोष मांडण्या तयार कराव्यात. आय-टू-सीच्या (चिपा एकमेकींना जोडणाऱ्या दोन तारांच्या जोडणीच्या) तारांवर पुल-अप लावू नयेत. डीएस३२३१ या वेळ सांगणाऱ्या चिपचा पत्ता हेक्स ६८ असा द्यावा, जेव्हा लायब्ररीला तो एक बिट डावीकडे सरकवलेला, म्हणजे हेक्स डी० असा हवा असतो. सेन्सरचे ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडू नये. इंटरप्ट हँडलरच्या (इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनच्या) नावात एक अक्षर चुकवावे. कंपायलर गप्प राहतो, आणि पहिला इंटरप्ट येताच प्रोग्रॅम डीफॉल्ट हँडलरच्या अनंत लूपमध्ये जाऊन बसतो. फंक्शनमध्ये स्टॅकपेक्षा (फंक्शनच्या चलांसाठी राखलेल्या मेमरीपेक्षा) मोठा अ‍ॅरे जाहीर करावा.

नियम एवढाच की वायरीला किंवा कोडला हात लावण्यापूर्वी वहीत तीन ओळी लिहायच्या: काय दिसते आहे, त्याची दोन संभाव्य कारणे कोणती, आणि त्यांतले कोणते खरे हे कोणत्या एका मोजमापाने ठरेल. शिक्षकांनी ही तिसरी ओळ वाचल्यावरच काम पुढे जाऊ द्यावे. ‘सगळ्या वायरी काढून पुन्हा जोडून पाहतो’ असे कोणी म्हटले तर ते मान्य करू नये. त्याने बिघाड कधी कधी जातो, पण कारण कळत नाही. गुण दुरुस्तीला कमी आणि या तीन ओळींना जास्त ठेवावेत. टेबलावर ही कारणमीमांसा विद्यार्थी मराठीत, हिंदीत किंवा मिश्र भाषेत करत असतील तर ती तशीच होऊ द्यावी; तर्क पक्का झाला की तो इंग्रजीत लिहिणे अवघड जात नाही.

प्रकल्प : आकड्यांत लिहिलेली अपेक्षा

शेवटच्या चार पाळ्या प्रकल्पाला द्याव्यात. विषय मोठा घेऊ नये. इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीचा पंप आपोआप चालू-बंद करणारा नियंत्रक हा विषय साधा वाटतो, पण त्यात डिझाइनचे बहुतेक प्रश्न येतात. प्रयोगशाळेत २३० व्होल्ट आणू नयेत. १२ व्होल्टचा छोटा डीसी पंप आणि दोन बादल्या पुरतात.

पहिल्या पाळीत कोड लिहू द्यायचा नाही. फक्त अपेक्षापत्रक आणि अवस्थांची आकृती. ‘टाकी भरली की पंप बंद व्हावा’ हे वाक्य परत पाठवावे. ‘पातळी ९० टक्क्यांवर गेल्यापासून दोन सेकंदांच्या आत पंप बंद व्हावा’ असे वाक्य आले की स्वीकारावे, कारण तेच तपासता येते. मग विद्यार्थ्यांनी न विचारलेले प्रश्न आपण विचारावेत. खालच्या टाकीत पाणी नसताना पंप किती वेळ कोरडा चालेल? सेन्सरची वायर तुटली तर पंप कोणत्या अवस्थेत जाईल? वीज गेली आणि परत आली तर काय होईल? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर देताना एक बारकावा हाती लागतो. रीसेटनंतर या चिपच्या बहुतेक पिना तरंगत्या इनपुट अवस्थेत असतात, आणि प्रोग्रॅम पिनेचा ताबा घेईपर्यंत रिलेच्या ट्रान्झिस्टरचा बेस अधांतरी राहतो. तिथे पुल-डाउन रोधक लावला नाही तर वीज येताच पंप क्षणभर झटका घेऊ शकतो. हा दोष कोडमध्ये कितीही शोधला तरी सापडत नाही. रिलेच्या कॉइलला उलटा डायोड लावला आहे का, हेही याच वेळी पाहावे.

पातळीसाठी अल्ट्रासॉनिक सेन्सर घेतल्यास अंदाज आणि मोजमाप पुन्हा कामाला येतात. जाऊन-येऊन एका सेंटिमीटरला सुमारे ५८ मायक्रोसेकंद लागतात, हा आकडा २० अंश तापमानाचा. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीत हवा ४० अंशांवर गेली की ध्वनीचा वेग साडेतीन टक्क्यांनी वाढतो आणि दीड मीटर अंतर पाच सेंटिमीटरने कमी दिसते, म्हणजे पाणी प्रत्यक्षापेक्षा वर आहे असे नियंत्रकाला वाटते. ही चूक दुरुस्त करायची, की चालवून घ्यायची, हे विद्यार्थ्यांनी अपेक्षापत्रकातल्या आकड्यांवरून ठरवावे आणि कारण लिहावे. दोन्ही उत्तरे बरोबर असू शकतात.

वॉचडॉग (प्रोग्रॅम अडकला तर चिप रीसेट करणारा टायमर) सर्वांनी लावावा, मात्र त्याचा काळ ठरवताना डेटाशीट पाहावे. त्याचे स्वतंत्र घड्याळ नावाला ३२ किलोहर्ट्झचे असले तरी ते १७ ते ४७ च्या दरम्यान कोठेही असू शकते, म्हणून एका सेकंदाची मांडणी प्रत्यक्षात त्याहून बरीच लवकर किंवा उशिरा रीसेट देऊ शकते.

मूल्यमापन

टर्मवर्कच्या गुणांपैकी निम्मे वहीला द्यावेत. सुबकपणे उतरवलेल्या जर्नलला देऊ नयेत. वही प्रत्येक पाळीच्या शेवटी तिथेच पाहावी. सत्राच्या शेवटी सबमिशनच्या आठवड्यात तपासलेल्या वह्यांवरून अंदाज खरोखर आधी लिहिला होता की नंतर, हे कळत नाही. प्रकल्पाचा कोड गिटमध्ये (कोणता बदल कोणी केला हे नोंदवणाऱ्या साधनात) ठेवायला सांगावा आणि दोघांच्याही नावाने नोंदी हव्यात असा आग्रह धरावा.

इंटरनेटवरून घेतलेला किंवा एआय साधनाने लिहून दिलेला कोड आता प्रत्येक बॅचमध्ये येणारच. त्यावर बंदी घालून उपयोग होत नाही; तोंडी परीक्षा टेबलावर, चालू बोर्डासमोर घ्यावी. प्रत्येकाला स्वतंत्रपणे एक छोटा बदल सांगावा, उदाहरणार्थ पंप बंद होण्याची पातळी ९० ऐवजी ८० टक्के करून वर दोन मिनिटांची कोरडेपणाची मर्यादा घालावी, आणि त्यासाठी पंधरा मिनिटे द्यावीत. त्याआधी कोडमधल्या एका ओळीवर बोट ठेवून ‘ही काढली तर अ‍ॅनालायझरवर काय बदलेल’ असे विचारावे. कोड कोणी लिहिला यापेक्षा तो कोणाला समजला आहे हे या दोन प्रश्नांनी कळते. बाह्य परीक्षकांना ही पद्धत आधी एका पानावर लिहून द्यावी, नाहीतर ते सवयीने ८०५१च्या पिनांची नावे विचारतात.

प्रकल्पाची अंतिम तपासणी अपेक्षापत्रकातल्या प्रत्येक ओळीवर टिक किंवा फुली करून घ्यावी. पंप चालू असताना वीज काढावी, सेन्सरची वायर उपटावी, खालची बादली रिकामी करावी. ज्या जोडीची एखादी ओळ फुलीत गेली पण ती जाणार हे त्यांनी आधीच अहवालात कारणासह लिहिले होते, तिला त्या ओळीचे बहुतांश गुण द्यावेत. नव्याने सापडलेले बिघाड सहायकांनी नोंदवहीत उतरवून ठेवावेत, कारण पुढच्या वर्षीच्या बिघाडाच्या पाळीसाठी त्याहून चांगल्या मांडण्या मिळत नाहीत.